पाठीवरचा पाय

डॉक्टर, मागच्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावरची बाई दार वाजवून आत आली. लातूरकडची माणसं आहेत, मुलगा चाकणला कंपनीत असतो. गॅसची टाकी उचलताना त्याच्या पाठीत उसण भरली होती आणि त्याला धड उठता येत नव्हतं की बसता येत नव्हतं. चिखलीतल्या कुणा जुन्या माणसानं तिला माझं घर दाखवलं असावं. ती म्हणाली, "मावशी, तुमी पायाळू हाव म्हनं. लेकराच्या पाठीला जरा पाय लावता का?" मी म्हटलं, तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय, मी पायाळू नाही. तिला शेकायला रबरी पिशवी दिली, कळ पायात उतरली तर दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं. मग दुपारभर पाय वर घेऊन पलंगावर बसून राहिले. खाली रस्त्यानं कंपन्यांच्या बसगाड्या जात होत्या आणि मध्येच मला तुमच्या सायकलची घंटी ऐकू आल्यासारखी वाटत होती. तुम्ही ती वाजवायचा नाहीत, आमच्या वाटेवरच्या खड्ड्यांनी ती आपोआप वाजायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी ती सायकल आठवावी लागते.

तुम्ही पुण्याचे. जे मूल आधी पायांनी बाहेर येतं ते पायाळू, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. आमच्याकडे गोष्ट तिथं संपत नव्हती. पायाळू माणसानं पाय लावला की पाठीतली उसण उतरते असं सगळी चिखली मानायची, आणि गावात पायाळू मी एकटी होते. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी माणसांच्या पाठीवर पाय ठेवत आले. सकाळी लोक आमच्या अंगणात येऊन पालथे निजायचे. सगळ्यांत जास्त यायचे ते चाकणच्या बाजारातले हमाल. कांद्याची पोती उचलून त्यांच्या पाठी धरलेल्या असत. कुणी गुळाचा खडा आणायचा, कुणी चार कांदे. एक म्हातारा हमाल दर वेळी निजता निजता म्हणायचा, "हळू गं माजे आये, मागल्या येळंला पार भुईत रोवलंस मला." बाकीचे हसायचे, कारण मी तेव्हा कोंबडीएवढ्या वजनाची होते. उजवा पाय तीन वेळा लावायचा आणि म्हणायचं, "लागली, गुण येईल." हे शब्द आईनं शिकवले होते. बाकीचं मला कुणी शिकवलं नाही, ते पायालाच कळत गेलं. उसण भरलेली पाठ पायाखाली आधी दगड होते, माणूस श्वास धरतो, मग श्वास सुटतो आणि दगडाची माती होते. तुम्ही मनगट हातात घेऊन डोळे मिटायचा तसं माझं पायानं चालायचं. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला हाताला धरून घरात ओढायची. मला त्याचाही थोडा अभिमान होता. विजेनं शोधत यावं असं माझ्यात काहीतरी आहे, असं वाटायचं.

धाकटा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी अकरा, तो सहा. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता उभा राहिला होता आणि आबा तिथं कामाला लागले होते. कांद्याची काढणी चालू असतानाच धाकट्याची पाठ दुखायला लागली. दिवसभर खेळायचा आणि दिवेलागणीला आईच्या मांडीवर येऊन पडायचा. आई म्हणाली, उड्या मारून उसण भरली असंल, घरातच पायाळू हाय तर वैद्य कशाला हुडकायचा. तीन सकाळी पाय लावायचा असतो. पहिल्या सकाळी त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसून हसून लोळला. दुसऱ्या सकाळी तो गप्प होता. तिसऱ्या सकाळचं मी शेवटी लिहीन. तुम्हाला ते मी कधी सांगितलं नाही, आणि या पत्रात तेवढंच सांगण्यासारखं आहे.

पाय लावून गुण आला नाही. मग बिब्बा झाला, लेप झाले, अंगारा झाला, आणि दोन महिने गेले. तो खाली पडलेली गोष्ट वाकून उचलेनासा झाला. ताठ पाठीनं उकिडवा बसायचा आणि मग हात लांब करायचा. मग डावा पाय ओढायला लागला. तेव्हा आबांना कारखान्यातल्या कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. चिंचवड स्टेशनाच्या रस्त्यावर दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर बाकडं, आत शहाबादी फरशी. आम्ही बैलगाडीनं आलो. तुम्ही त्याच्या अंगाला हात न लावता आधी नुसतं बघितलंत, आणि तुमच्या पेनाचं टोपण मुद्दाम खाली टाकून म्हणालात, मला तेवढं देतोस का? तो उकिडवा बसून हात लांब करायला लागला आणि तुमचा चेहरा बदलला. मी तेव्हा तुमच्याकडेच बघत होते. मग तुम्ही विचारलंत, कुठं पडला होता का, पाठीला काही लागलं होतं का. आई म्हणाली, "न्हाई वो डॉक्टर. पडाया त्याला उंबऱ्याभायेर कोन जाऊ देतंय?" तुम्ही ते लिहून घेतलंत. मी माझ्या उजव्या पायाचा अंगठा फरशीच्या भेगेत दाबून धरला होता.

पुण्याला फोटो काढून आणला. त्यात एक मणका बाजूच्या मणक्यांपेक्षा चपटा दिसत होता, कुणी त्याच्यावर पाय दिल्यासारखा. हे मी तेव्हा मनात म्हटलं आणि पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिले. तुम्ही सांगितलंत की हा हाडाचा क्षय आहे, असली मुलं आपल्या भागात पुष्कळ आहेत, सुया आणि विश्रांती यांनी बरी होतात. क्षयाच्या दवाखान्यात खाट रिकामी नव्हती, कधी होईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, खाट आपण घरीच करू.

ती दुपार मला इतर कुठल्याही दुपारपेक्षा जास्त दिसते. तुम्ही सायकलला पिशवी लावून आला आहात. पिशवीत प्लास्टरची पांढरी भुकटी आहे, पण दमट हवेत तिचे गोळे झालेत. तुम्ही स्वयंपाकघरात चुलीपुढे बसता आणि आईचा भाकरीचा तवा मागता. आई तवा देते आणि पदर तोंडाशी धरून बघत राहते. भुकटी तव्यावर हलते, तिच्यातून वाफ निघते, तुमच्या चष्म्यावर पांढरं बसतं. आई म्हणते, "तवा बाटला म्हना की माजा." तुम्ही म्हणता, दुसरा आणून देतो, बाई. ती म्हणते, "ऱ्हाऊ द्या. पोरगं उठून भाकर मागाया लागलं म्हंजे ह्योच लागंल." मग मी, तुम्ही आणि आबा मिळून जुन्या धोतराच्या पट्ट्यांना ती भुकटी चोळतो. धाकटा दोन पाटांवर पालथा निजलाय. ओल्या पट्ट्या त्याच्या पाठीवर मानेपासून गुडघ्यांपर्यंत एकावर एक बसतात, आणि सुकताना त्या तापतात. तो मान न हलवता विचारतो, "आक्के, मी भाजतोय का गं?" तुम्ही त्याला सांगता की आता ती पाठ थंड होईल आणि मग ती त्याची दुसरी पाठ असेल, पहिलीला विसावा द्यायला. ती दुसरी पाठ आम्ही भिंतीला टेकवून वाळवली. आतून त्याचा आकार, खांद्याची हाडं, कमरेचा खळगा. माणूस नसलेली पाठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्या प्लास्टरमध्ये तो उताणा पडून राहिला. अंग वळू नये म्हणून आईनं इंद्रायणीची वाळू धुऊन, वाळवून तिच्या पिशव्या शिवल्या. कूस बदलायची ती चौघांनी चादरीची चार टोकं धरून, कशी ते तुम्ही आम्हाला दहादा करून दाखवलंत. त्याला फक्त आढं दिसायचं. म्हणून एक दिवस तुम्ही तुमचा दाढीचा आरसा घेऊन आलात आणि तारेनं खाटेच्या उशाला बांधलात, अशा कोनात की दारातून समोरचा रस्ता त्यात येईल. तेव्हापासून त्याचं सगळं जग आरशात गेलं. चाकणला कांदा घेऊन निघालेल्या गाड्या त्याला उलट्या दिशेनं जाताना दिसायच्या. तो मला विचारायचा, "ही चाकनला चाललीया का आली?" मी म्हणायचे, चाललीय. तो म्हणायचा, मंग मला आलेली का दिसती? दुपारी घर शांत झालं की मी त्याच्या खाटेजवळ बसून आरशात बघायचे. पांढरा रस्ता, पांढरी धूळ, पांढरी दुसरी पाठ, आणि परत येणाऱ्या गाड्या. अजून कधी दुपारची झोप लागताना मला त्या गाड्या दिसतात आणि सगळं परत येतंय असं वाटतं.

तुम्ही तीन महिने सुया दिल्यात. रोज एवढ्या लांबून येणं तुम्हाला जमणारं नव्हतं, म्हणून आबांना सुई टोचायला शिकवलंत, आधी कच्च्या पपईवर. गुण यायला हवा होता तो आला नाही. तुम्ही यायचा, त्याची बोटं हलवून बघायचा, त्याच्या तळव्याला पेनाचं टोक लावून विचारायचा, कळतंय का? तो आधी हो म्हणायचा, मग विचार करून हो म्हणायचा, मग माझ्याकडे बघून हो म्हणायला लागला. एक दिवस तुम्ही पेन खिशाला लावलंत आणि आबांना म्हणालात, मला हे क्षयासारखं वाटत नाही. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी हाडातला तुकडा काढला, तो मुंबईला गेला आणि उत्तर आलं. ते सांगायला तुम्ही तुमचं कॉलेजातलं जाड पुस्तक घेऊन आला होता. आबांना वाचता येत नव्हतं, तरी तुम्ही ते उघडून त्यांच्यासमोर धरलंत. हाडाचा कर्करोग, लहान मुलांना होणारा, आणि मणक्यात तर फारच क्वचित. तुमच्या त्या जाड पुस्तकात त्याला अर्धं पान होतं. तुम्ही ते अर्धं पान मराठीत सांगितलंत, हळूहळू, काही न गाळता. आबा ऐकून घेऊन म्हणाले, "आमी तितं पेट्याच्या पेट्या भरून औषद करतोय, डॉक्टर. त्यातलं एक बी माज्या पोराला चालत न्हाई?" तुम्ही म्हणालात, नाही चालत. आबा दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पाळीला कामावर गेले. ते औषध कुणाच्या तरी पोराला चालत असंल, असं ते जाताना आईला म्हणाले.

मुंबईला किरणांचा शेक देतात असं कळल्यावर तुम्ही दवाखाना दोन दिवस बंद ठेवून आई आणि धाकट्याबरोबर गेलात. मी चुलतीकडे राहिले. गावात लोक म्हणत, पोराला विजेचा शेक द्यायला नेलंय. वीज हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात काय काय जुळलं ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला शोधत येणारी वीज माझ्या पायातनं त्याच्या पाठीत उतरली आणि आता ती काढायला दुसरी वीज लावताहेत, असं मी धरून चालले होते. काही आठवड्यांनी तो परत आला. पाठीवर कातडी काळवंडलेली आणि तिच्याभोवती निळ्या शाईचा चौकोन. चुलती म्हणाली, "शाळंत घातला व्हता का काय ह्याला? पाठीवरच पाटी काढून दिलीया." तो हसला. शेकाच्या खोलीत एकटंच राहावं लागतं, दार लावून घेतात आणि भुंग्यासारखा आवाज येतो, असं तो मला सांगत होता. किती वेळ, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "दोन गाड्या जाईस्तवर."

आणि डॉक्टर, तो चालला. यावर तुमचाही विश्वास बसत नव्हता, तुम्ही त्याला चालताना बघून चष्मा काढून पुसलात. दुखणं थांबलं, पाय हलायला लागले. चिंचवडच्या एका चपला शिवणाऱ्या कारागिराकडून तुम्ही त्याच्या मापाची चामड्याची बंडी करून घेतली, आत बांबूच्या पट्ट्या बसवलेली. ती घालून तो माझा अंगठा धरून इंद्रायणीपर्यंत यायचा. ते चार महिने मला सलग आठवत नाहीत, पाण्याखालून बघितल्यासारखे आठवतात. कांद्याच्या बियाण्याला पांढरे गोंडे आले होते, त्याच्या डोक्याइतक्या उंचीचे, आणि तो त्यांच्यामधून ताठ चालायचा, सरदारासारखा. रस्त्याशी आलो की थांबून गाड्या बघायचा. पहिल्या दिवशी तो फार वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आक्के, सगळ्या गाड्या उलट्या चालल्यात." मी त्याला सांगितलं नाही की या सुलट्या आहेत. घरी दुसरी पाठ भिंतीला टेकवून ठेवली होती. एकदा त्यानं तिच्यात निजून बघितलं तर ती आखूड झाली होती. तो वाढला होता. आईनं त्या दिवशी त्याच तव्यावर भाकरी केल्या आणि त्यानं दोन खाल्ल्या.

तुम्ही तेव्हाही आबांना सांगून ठेवलं होतं की पुस्तकात पुढचंही लिहिलंय. थंडी सरताना त्याला खोकला लागला, रोग छातीत पोचला आणि पुढचं सुरू झालं. त्यानंतर तुमच्याजवळ देण्यासारखं फारसं नव्हतं. दुखणं मारणारं औषध पुण्याहून परवान्यावर मिळायचं, तेही थोडं. तुम्ही ते थेंबाथेंबानं पुरवलंत आणि दर तिसऱ्या दिवशी येत राहिलात. काही करायला नसतानाही तुम्ही येता, हे आईच्या लक्षात आलं होतं. ती तुम्हाला बसायला पाट द्यायची आणि काही विचारायची नाही. तो सकाळी गेला. आई भाकरी थापत होती. तुम्ही यायचा दिवस होता. मी आरशात बघत होते आणि मला तुमची सायकल दिसली. तुम्ही आमच्याकडे येत होता, पण आरशात तुम्ही चिंचवडला परत चालला होता.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते लिहायचं आहे. अंगणात पाठी घेऊन येणाऱ्यांना आईनं परत पाठवायला सुरुवात केली, मी पाय लावेना म्हणून. म्हातारा हमाल एकदा येऊन नुसता बसून गेला. हळूहळू मी उजवी टाच टेकवेनाशी झाले. ठरवून नाही, टाच आपोआप उचलली जायची. तळव्याच्या कडेवर चालत मी शाळेत जायचे. आई मला तुमच्याकडे घेऊन आली. सूज नव्हती, लचक नव्हती. तुम्ही पाय हातात घेऊन सगळीकडून दाबून बघितलात, मग आईला बाहेर बाकड्यावर बसवलंत आणि मला विचारलंत, "कशाला लागला हा पाय?" मी म्हटलं, "त्याच्या पाठीला."

तुम्हाला आधी कळलं नाही. मग मी तीन सकाळींचं सांगितलं, जेवढं सांगितलं तेवढं. तुम्ही खुर्चीवरून उठलात. कोपऱ्यातली सतरंजी फरशीवर अंथरलीत, चष्मा टेबलावर ठेवलात आणि पांढऱ्या शर्टासकट पालथे निजलात. म्हणालात, "चार दिवस झाले, पाठीत उसण भरलीय. डॉक्टर असल्यामुळे कुणाला सांगायची सोय नाही. लाव पाय." मी हलले नाही. तुमचं तोंड जमिनीकडे होतं, त्यामुळे पुढचं बोलणं फरशीतून आल्यासारखं ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "हा रोग लाथेनं होत नाही आणि पायानंही होत नाही. तो हाडात आपला आपण येतो. का येतो ते मला ठाऊक नाही, मुंबईच्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण तीन महिने मी त्याला क्षयाच्या सुया दिल्या, हे मला ठाऊक आहे. पाठीला पोक दिसला की क्षय, असं मला शिकवलं होतं. तुला उसण शिकवली होती तसं." मग म्हणालात, "आता लाव." मी पाय लावला. एकदा, दोनदा, तीनदा. तुम्ही म्हणालात, बरं वाटलं. मी म्हटलं, लागली, गुण येईल. तुम्ही कमरेवर हात धरून उठलात आणि बाहेर आईसमोरही तसेच ताठ होऊन दाखवलंत. आई त्या साऱ्या दिवसांत पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "तुमी बी?"

पुढं तुम्ही मला शाळा सोडू दिली नाहीत, नर्सिंगचा अर्ज तुमच्या हातानं भरलात. मी बाळंतपणाच्या विभागात तीस वर्षं काढली. कितीतरी पायाळू मुलं माझ्या हातांवर आली, आणि घरच्यांना मी त्यातलं एकही पायाळू आहे असं सांगितलं नाही. मूल आणि आई सुखरूप आहेत, एवढंच सांगायचे. आता तसल्या रोगाची मुलं औषधांनी आणि शस्त्रक्रियेनं बरीही होतात, सगळी नाही, पण होतात. चालत घरी गेलेला एक मुलगा मी डोळ्यांनी बघितला आहे. तुमच्या अर्ध्या पानाची आता पुस्तकं झाली असतील.

तिसरी सकाळ. अंगणात चाकणचे तिघे हमाल आपला नंबर येईल म्हणून बसले होते, आई उंबऱ्यात उभी होती. मी धाकट्याच्या पाठीवर पाय ठेवला आणि पाठ दगड झाली नाही. त्यानं श्वास धरला नाही. कण्याच्या डाव्या अंगाला, माझ्या टाचेखाली, एक उंचवटा होता आणि तो गरम होता, विस्तव काढून घेतल्यावर चुलीची जमीन असते तसा. अशी पाठ माझ्या पायाला कधी लागली नव्हती. तो म्हणाला, "आक्के, नको." मी पाय काढून घेतला आणि मला कळलं की ही उसण नाही. माणसं बघत होती. मी म्हटलं, लागली, गुण येईल. त्यानंतर ते दोन महिने गेले. तुम्ही फरशीवर पालथं पडून तुमचे तीन महिने एका बारा वर्षांच्या मुलीला सांगितलेत आणि मी माझे दोन महिने तुम्हाला सांगितले नाहीत. त्या काळात दोन महिन्यांनी काही फरक पडला नसता, हे मला आज नर्स म्हणून माहीत आहे. तुम्हीही तेच म्हणाला असता. पण मी विचारलं नाही, आणि तुम्ही असेपर्यंत विचारायला पुष्कळ वर्षं होती.

आणखी एक आहे. तुमच्या पाठीत उसण नव्हती, डॉक्टर. पहिल्या पायालाच मला कळलं. तुमची पाठ मळलेल्या कणकेसारखी मऊ होती. तुम्ही मला सोडवायला खोटं बोललात आणि त्यानंच मला समजलं की माझा पाय चुकत नाही. तरी "लागली, गुण येईल" हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा खोटं म्हटलं. हे पत्र मी तुमच्या आरशाच्या मागे ठेवीन, तिथं पुठ्ठा सैल झाला आहे. त्या दिवशी तुम्ही दवाखान्याच्या दारात उभं राहून आम्ही जाताना बघत होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी टाच टेकवून चालत होते. रस्त्याचं वळण आलं की पाय पुन्हा उचलायचा असं मी ठरवलं होतं. वळण गेलं आणि माझ्या ते लक्षातच राहिलं नाही.